चौक कुणी लिहिला?



गोधडी शिवणाऱ्या बाईला विचारा, "तुम्ही काय करता?" ती म्हणते, "काही नाही, घरीच असते." समोर अर्धी गोधडी पसरलेली असते. जुन्या लुगड्याचा कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशेजारी बसवायचा, हे तिनं दोन दिवस मनात घोळवलेलं असतं. तरी उत्तर तेच, काही नाही. फार विचारलं तर म्हणते, फावल्या वेळातलं काम.

भिंतीवर टांगलं की ती कला आणि अंगावर पांघरलं की हस्तकला, असं आपण सहज बोलून जातो. हा भेद कुणी पाडला, कधी पाडला आणि त्यात बायांचं काय गेलं, ते आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. गोष्ट थोडी फिरून येईल, पण शेवटी आपल्याच उंबऱ्याशी येईल.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत चौसष्ट कलांची यादी आहे. वात्स्यायनानं दिलेल्या यादीत गाणं आहे, नाच आहे, चित्र काढणं आहे. त्याच यादीत सुईकाम आहे, हार गुंफणं आहे, तांदळाच्या आणि फुलांच्या आकृत्या मांडणं आहे, भाज्या आणि पक्वान्नं करणं आहे, सुतारकामही आहे. सगळं एकाच पंगतीला. पण म्हणून तो काळ फार चांगला होता असं आम्ही म्हणणार नाही. सुतारकाम यादीत बसलं, सुतार मात्र खऱ्या पंगतीत बसला नाही. कला मोठी आणि कारागीर खालचा, ही गोम आपल्याकडे आधीपासूनच होती. नंतर साहेबाचं राज्य आलं आणि तिच्यावर आणखी एक रेघ ओढली गेली.

ती रेघ आली इंग्लंडातून. लंडनला १७६८ साली रॉयल अकॅडमी नावाची चित्रकारांची मोठी संस्था निघाली. स्थापनेच्या वेळी सभासदांत दोन बायकाही होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून पुढची बाई घ्यायला संस्थेला १९३६ साल उजाडलं, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं गेली! याच संस्थेनं सुरुवातीच्या काळातच एक नियम केला. सुईकाम, कापडाची-कागदाची खोटी फुलं, कागदाचं कातरकाम, शिंपल्यांचं काम, असलं काही आमच्या प्रदर्शनात घ्यायचं नाही. यादी पुन्हा ऐका. यातलं एकूण एक काम त्या काळी घरात बसून बायका करत होत्या. नियमात बायकांचं नाव कुठं नव्हतं, पण दार बरोबर त्यांच्याच तोंडावर लागलं.

त्याच वेळी तिथं मेरी डिलेनी नावाची एक विधवा बाई होती. वयाच्या बहात्तराव्या वर्षी तिनं रंगीत कागद कातरून फुलं करायला घेतली. काळ्या कागदावर बारीक बारीक तुकडे चिकटवून हुबेहूब फूल, त्याचं पान, देठ, परागसुद्धा. दहा वर्षांत, नजर जाईपर्यंत, तिनं हजाराच्या जवळपास फुलं केली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवली आहेत. कातरकाम तेच होतं. फक्त बघणाऱ्यांची नजर बदलली, आणि त्याला बराच काळ लागला.

तर ही रेघ बोटीत बसून मुंबईला आली. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि १८५७ मध्ये त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. पुढं तिथं चित्रकला-शिल्पकला एकीकडे आणि धातूकाम, लाकूडकाम अशा कारागिरीच्या कार्यशाळा दुसरीकडे, अशी मांडणी झाली. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारनंही तीच वाट धरली. १९५२ मध्ये हस्तकलेसाठी वेगळं मंडळ काढलं, १९५४ मध्ये चित्र-शिल्पासाठी ललित कला अकादमी काढली. आजही दिल्लीत आधुनिक चित्रांचं मोठं दालन सांस्कृतिक खात्याकडे आहे आणि हस्तकलेचं संग्रहालय वस्त्रोद्योग खात्याकडे. एकाला संस्कृती म्हणायचं, दुसऱ्याला उद्योग. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण याचा परिणाम काय होतो ते पुढं बघूच.

आता आपल्या पालघरकडे येऊ. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागात वारली समाजाची वस्ती. तिथं लग्न म्हटलं की घरातल्या भिंतीवर चौक हवाच. चौकाशिवाय लग्न लागत नाही. आधी भिंत शेणानं सारवायची, वर गेरू द्यायचा. तांदूळ वाटून त्याचा पांढरा रंग करायचा, बांबूच्या काडीचं टोक चावून तिची कुंचली करायची. मग सवाशिणी बसतात आणि चौक लिहितात. हो, लिहितात. तिथं चौक काढला म्हणत नाहीत, लिहिला म्हणतात. मधल्या चौकटीत पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, नाचणारी माणसं. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते, तिच्या गाण्याबरोबर विधी पुढं सरकतो. लग्न झालं, पाऊस झाला, भिंत पुन्हा सारवली, की चौक गेला. पुढच्या लग्नाला नवा.

कुणी लिहिला, हे गावाला माहीत असायचं. अमकीचा हात चांगला, तिला बोलवा, असंच ते चालायचं. पण खाली सही नाही. सही करायची तरी कशावर? भिंत तर सारवली जाणार.

१९७० नंतर या भागात भास्कर कुलकर्णी नावाचे मुंबईचे चित्रकार आले. त्यांच्यामुळे भिंतीवरचा चौक कागदावर आला. कागदावर आल्यावर जे नाव जगभर गेलं ते गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. माणूस खरोखर मोठा. लहानपणी आई गेली, तेव्हापासून बोलणं सोडून धुळीत चित्रं काढणारं पोर होतं ते. त्यांनी चौकाच्या बाहेर पडून मासेमारी काढली, शेतं काढली, मुंग्यांचं वारूळ काढलं. त्यांच्या मोठेपणाबद्दल आमची काही तक्रार नाही.

पण एक गोष्ट टोचते. पिढ्यान्‌पिढ्या ही लिपी सवाशिणींच्या हातात होती. ती भिंतीवर होती तोवर तिला रीत म्हणत होते. कागदावर आली, विकाऊ झाली, मुंबई-दिल्लीच्या दालनात गेली, तेव्हा ती कला झाली आणि नावं बहुतेक पुरुषांची झाली. असं का झालं असावं? आम्हाला वाटतं, कारण साधं आहे. कागदाचा गठ्ठा घेऊन शहरात जायचं, साहेबाशी बोलायचं, दोन दिवस मुक्काम करायचा, हे ज्याला जमेल त्याचं नाव होतं. बाई तेव्हा रानातून मोळी आणत होती, भात लावत होती. आता तिथल्या बायाही कागदावर, कापडावर चित्रं करतात, हे चांगलंच आहे. पण आधीच्या शेकडो वर्षांच्या सवाशिणींपैकी एकीचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

हे असंच व्हायला पाहिजे होतं का? नाही. कारण हेच भास्कर कुलकर्णी वारल्यांकडे येण्याआधी बिहारात मिथिलेला जाऊन आले होते आणि तिथं वेगळं घडलं.

मिथिलेत लग्नाच्या वेळी नवरानवरीची खोली रंगवतात, तिला कोहबर घर म्हणतात. कमळं, बांबू, मासे, पोपट. हेही काम बायांचंच आणि तिथंही त्याला लिहिणंच म्हणतात. १९३४ च्या जानेवारीत तिथं मोठा भूकंप झाला, घरांच्या भिंती पडल्या. पाहणीला आलेल्या विल्यम आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला पडक्या घरांत ही चित्रं दिसली. पुढं १९४९ मध्ये त्यांनी मुंबईच्या 'मार्ग' या कलेच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. मग १९६६-६७ चा दुष्काळ आला. पोटाला काही काम मिळावं म्हणून पुपुल जयकर यांनी पुढाकार घेतला आणि कुलकर्णींना कागद देऊन तिकडं धाडलं. कागद बायांच्याच हातात दिला गेला. जितवारपूरच्या जगदंबा देवी आणि सीता देवी, नंतर गंगा देवी, अशी नावं कागदाबरोबरच बाहेर आली. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, गंगा देवींना १९८४ मध्ये. अगदी अलीकडे, २०२१ मध्ये, दुलारी देवींना मिळाली. त्या मल्लाह समाजातल्या, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करता करता चित्र शिकलेल्या.

गंगा देवींबद्दल आणखी थोडं सांगायलाच हवं. कॅन्सरच्या उपचारासाठी त्या दिल्लीत होत्या. दवाखान्यातले दिवस, तपासण्या, खाटा, डॉक्टर, हे सगळं त्यांनी आपल्या बारीक रेघांच्या शैलीत चितारलं. त्याच आजारपणात दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी एक संपूर्ण कोहबर घर रंगवलं. १९९१ मध्ये त्या गेल्या. पुढं दुरुस्तीच्या कामात संग्रहालयातल्या त्या रंगवलेल्या भिंती नष्ट झाल्या. २०१५ मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत आली आणि बरीच हळहळ झाली.

गावातलं कोहबर घरही पुसलं जातंच, असं कुणी म्हणेल. पण गावात ते पुन्हा लिहिण्यासाठी पुसतात. इथं पुन्हा लिहिणारी राहिली नव्हती. आणि एखाद्या नामवंत चित्रकाराची भिंत दुरुस्तीत अशी सहज गेली असती का, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. खातं कोणतं, पाटी कोणती, यानं काय होतं ते हे.

आता आपल्या गटाच्या हिशेबाकडे या. गोधडीचा भाव आपण कसा काढतो? कापड, दोरा, दिवसाची मजुरी, गाडीभाडं. जुळणी कुणी ठरवली, रंग कुणी निवडले, याचा रकाना वहीत नसतो. गिऱ्हाईक घासाघीस करतं तेही मजुरीवरच. 'वारली चित्र' या नावाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यानं प्रदेशाचं आणि समाजाचं नाव राखलं जातं. पण मानांकन एकेका बाईचं नाव लिहीत नाही. ते काम गटालाच करावं लागेल. कोपऱ्यात धावदोऱ्यानं नाव, गाव, साल, एवढं घालायला अर्धा तासही लागत नाही. काही जणी म्हणतील, नाव घातलं तर शेजारणी हसतील. हसू देत.

तुमच्या गावात चौक लिहिणाऱ्या, गोधडी शिवणाऱ्या, रुखवत सजवणाऱ्या ज्या म्हाताऱ्या बाया आहेत किंवा होऊन गेल्या, त्यांची पूर्ण नावं आणि त्या काय करत ते लिहून आमच्याकडे पाठवा. गटाच्या वहीतही उतरवून ठेवा. आलेली नावं पुढच्या भागात आम्ही एकेक करून वाचणार आहोत.