संकल्पित पर्जन्य (शहरी जलनिस्सारण)

पर्जन्य जलवाहिन्या, नाले आणि उदंचन केंद्रे किती क्षमतेची बांधायची हे ठरवण्यासाठी गृहीत धरलेला पाऊस. त्याची तीव्रता, कालावधी आणि पुनरावर्तन काल नियोजनापूर्वी निश्चित करावे लागतात.

पाणलोटाच्या दूरच्या टोकाचे पाणी वाहिनीच्या मुखाशी यायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढा वेळ टिकणारी जोरदार सर तिथे सर्वाधिक विसर्ग देते. फरसबंद वस्तीत हा वेळ बहुधा मिनिटांतच मोजावा लागतो. त्यामुळे 24 तासांच्या बेरजेवर भिस्त ठेवता येत नाही. स्वयंलेखी पर्जन्यमापकांच्या दीर्घ नोंदींवरून तीव्रता-कालावधी-वारंवारता वक्र काढावे लागतात.

पाच वर्षांचा पुनरावर्तन काल म्हणजे तसा पाऊस दर पाच वर्षांनी पडेल असे नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो ओलांडला जाण्याची शक्यता 20 टक्के असते; सलग पाच वर्षांत निदान एकदा तसे घडण्याची शक्यता 67 टक्क्यांवर जाते. केंद्र शासनाच्या 1993च्या नियमपुस्तिकेत व्यापारी व महागड्या भागांसाठी दोन वर्षांतून एकदा, तर शहराच्या कडेच्या निवासी भागांसाठी वर्षातून दोनदा येणारा पाऊस धरला होता. कोणत्या वस्तीने किती वेळा पाणी सोसायचे हेच अशा आकड्यांत ठरते, म्हणून ते नागरिकांपुढे उघडपणे मांडले गेले पाहिजेत.

मुंबईची जुनी व्यवस्था ताशी 25 मिमी. पाऊस आणि 0.5 अपधाव गुणांक (म्हणजे पडलेल्या पाण्यापैकी निम्मेच वाहून येते असे) धरून, तीही ओहोटीच्या वेळेसाठी आखलेली होती. शहराच्या पर्जन्य जलनिस्सारणावरील 1993च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ताशी 50 मिमी. आणि गुणांक 1 सुचवला. एक चौ. किमी. क्षेत्रातून ताशी 12,500 घनमीटरऐवजी 50,000 घनमीटर पाणी वाहून न्यायचे, असा त्याचा अर्थ. या चौपट वाढीत पावसाच्या आकड्याइतकाच वाटा मोकळी जमीन झाकली गेल्याचा आहे.

26 जुलै 2005च्या अतिवृष्टीत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी. पाऊस झाला, तर कुलाब्याला जेमतेम 74 मिमी. एका केंद्राची नोंद साऱ्या शहराला लावता येत नाही, हे त्या दिवशी दिसले. एवढा पाऊस पोटात घेणारी वाहिनी बांधणे व्यवहार्य नसते. अशा वेळी वाहिनीबाहेर आलेले पाणी कोणत्या रस्त्यांवरून, मैदानांतून आणि नदीपात्रातून जाईल, याची स्वतंत्र आखणी करावी लागते. मुंबईत भरतीची पातळीही पावसाच्या जोडीने गृहीत धरावी लागते: अनेक पातमुखे, म्हणजे वाहिन्यांची समुद्राकडची तोंडे, भरतीच्या पाण्याखाली जातात, आणि तेव्हा हाजी अली, इर्ला यांसारख्या उदंचन केंद्रांतून पाणी उपसूनच समुद्रात सोडावे लागते.