बंदरावरची घरे : वेंगुर्ल्यातील आपल्या वस्तीचा एक अल्प इतिहास

आपल्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीच्या उत्पत्तीविषयी, कुलदेवतांविषयी आणि गुणवंत विद्यार्थ्यांविषयी आजवर विपुल लेखन प्रसिद्ध झाले आहे. ज्या घरांत आपले पूर्वज जन्मले व ज्या घरांच्या पडव्यांवर बसून त्यांनी ज्ञातीचे सारे तंटे मिटविले (आणि काही निर्माणही केले), त्या घरांविषयी मात्र फारसे कोणी लिहिलेले आढळत नाही. गतवर्षी पौष महिन्यात काही कौटुंबिक कामानिमित्त वेंगुर्ल्यास आठ दिवस राहण्याचा योग आला. चतुर्थीच्या गर्दीत गावाचे खरे रूप दिसत नाही. ते पौषातच दिसते. सायंकाळी दिवेलागणीच्या वेळी आमच्या आळीतून चालत गेलो असता एकामागून एक काळोखी घरे लागली. ज्या थोड्या घरांत दिवा होता, त्यांतील बहुतेकांत एक वृद्ध स्त्री, किंवा फार तर एक वृद्ध दांपत्य, एवढीच वस्ती होती. हे असे का झाले, याचा शोध घेण्याची इच्छा त्या संध्याकाळी झाली. प्रस्तुत लेख हे तिचेच फळ होय.

वेंगुर्ले हे बंदर म्हणून जुने. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात डचांनी येथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यास ही जागा त्यांना सोयीची वाटली. त्या वखारीचे भग्न अवशेष आजही गावात उभे आहेत. पुढे हा मुलूख सावंतवाडीकरांकडे होता व इ. स. १८१२ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. गावाचा उत्कर्षकाळ यानंतरचा. बेळगावच्या छावणीस जाणारे सैनिक व सामान येथे उतरे. घाटावरचा कापूस व धान्य रामघाटाने आणि पुढे पारपोली घाटाने, ज्यास आपण आज आंबोलीचा घाट म्हणतो, बैलगाड्यांतून बंदरावर येई आणि गलबतांतून मुंबईस जाई. अडत, मोजमाप, वखारींची राखण, जकातीची कारकुनी या साऱ्या उद्योगांत आपल्या ज्ञातीची कुटुंबे होती. आज जी घरे आपण वडिलोपार्जित म्हणून दाखवितो, त्यांतील मोठी घरे या व्यापाराच्या पैशाने उभी राहिली.

या घरांची रचना वाचकांस परिचित आहेच. परंतु नव्या पिढीसाठी ती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, जाड, मातीच्या किंवा चुन्याच्या दर्जात रचलेल्या; पुढे खळे व तुळशीवृंदावन; मग पडवी, ओटी, माजघर, देवाची खोली, बाळंतिणीची खोली, स्वयंपाकघर व मागील पडवी; परसात न्हाणी, विहीर आणि गुरांचा गोठा. आरंभी छपरे गवताने किंवा साध्या नळ्यांनी शाकारलेली असत. इ. स. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर तेथील चपटी कौले गलबतांनी किनाऱ्यावरील बंदरांत येऊ लागली आणि ज्याच्याकडे पैसा त्याच्या छपरावर मंगलोरी कौल, अशी ओळख झाली. ही घरे एका जोडप्यासाठी बांधलेली नव्हती. तीन-चार भाऊ, त्यांच्या बायका, विधवा आत्या, शिकावयास आलेले भाचे, अशी पंचवीस-तीस माणसे राहतील हे गृहीत धरूनच माजघराची लांबी ठरविलेली होती. इतक्या माणसांचे हात फिरत असत म्हणूनच ही घरे टिकली. दरवर्षी वैशाखात कौले परतणे, भिंतींना पावसाळ्यापूर्वी झापांचा आडोसा बांधणे, जमीन सारवणे, वाळवी पाहणे, ही कामे पैशाने होण्यासारखी नव्हती. ती वावराने होत. आमच्या शेजारच्या वृद्ध काकींनी हे एका वाक्यात सांगितले : “घरात माणसाचो वावर व्हयो, नायतर वाळवी तां आपला घर समाजता.”

बंदराचा ऱ्हास रेल्वेने केला. इ. स. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटावरील मुलुखाशी जोडले गेले आणि बेळगाव-धारवाडकडील जो माल आमच्या बंदरावर येत असे, तो तिकडे वळला. ज्या कुटुंबांनी व्यापाराच्या भरवशावर मोठी घरे बांधली, त्यांच्या मुलांना एका पिढीच्या आत मुंबईची वाट धरावी लागली. मुंबईचा ओघ अर्थात त्यापूर्वीच सुरू झाला होता. इ. स. १८८१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सुमारे सव्वा लाख लोक मोजले गेले, म्हणजे शहराच्या दर सहा माणसांत एक आमच्याकडचा. यांत गिरणीकामगार, गोदीतील हमाल, पोलीस शिपाई यांचा भरणा मोठा. आपले लोक पेढ्यांत व कचेऱ्यांत कारकून म्हणून शिरले.

पुरुष मुंबईस व स्त्रिया गावी, ही व्यवस्था मग शंभर वर्षे चालली. तिचे चिन्ह आजही शिरगणतीत दिसते. इ. स. २०११ मध्ये महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. सिंधुदुर्गात १०३६ आणि रत्नागिरीत ११२२. आमच्याकडे मुलींचा जन्म अधिक होतो असा याचा अर्थ नाही, पुरुष अनुपस्थित आहेत एवढाच आहे. घर चालविले ते स्त्रियांनी. मनीऑर्डर येईपर्यंत वाण्याची उधारी सांभाळणे, कुळांकडून नारळ-सुपारी मोजून घेणे, सासऱ्याचे आजारपण, मुलांची शाळा, आणि वर्षातून एकदा आगबोटीने येणाऱ्या नवऱ्याचे आतिथ्य. आपल्या स्मरणिकेत कर्तबगार ज्ञातिपुरुषांची चरित्रे आपण छापतो. त्यांची घरे ज्यांनी उभी ठेवली त्यांचे नाव घराच्या कागदावर सहसा नव्हते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

मुंबईत आपल्या लोकांनी गिरगाव, ठाकूरद्वार, परळ, दादर येथे चाळींतील खोल्या घेतल्या. आपल्याहून पुढे गेलेल्या ज्ञातींनी गृहसंस्था काढल्या, सारस्वतांनी इ. स. १९१५ मध्ये गावदेवी येथे स्थापिलेली सहकारी गृहसंस्था ही या देशातील पहिल्या संस्थांपैकी एक होय. आपण मात्र भाड्याच्या खोलीवरच संतुष्ट राहिलो. इ. स. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण मानले आणि ते जवळजवळ गोठविले. या कायद्याने असंख्य गरीब कुटुंबांना छप्पर दिले यात शंका नाही. पण त्याचा एक परिणाम आपल्या ज्ञातीवर असा झाला की, दहा-बारा रुपये भाड्याची खोली कोणी सोडीना. बापाची खोली मुलास, मुलाची नातवास. निवृत्त झालेला मनुष्य गावी परत जाई ही जुनी रीत होती. आता तो खोली राखण्यासाठी मुंबईसच राहू लागला. एक घर राखण्याच्या चिंतेत दुसरे घर ओस पडले. पुढे जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला व खोलीच्या जागी मालकीचे घर मिळण्याची आशा निर्माण झाली, तेव्हा तर परतण्याचा विचारच उरला नाही.

इकडे गावी जमिनीची स्थिती पालटत होती. १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषकदिन, या तारखेपासून कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. मुंबईस राहून खंड घेणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांच्या बागा व शेते यांत गेली. याविषयी आपल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ अश्रू ढाळले. पण जो चिखलात उभा राहिला त्याला ती मिळाली, हे आम्हांस तरी न्याय्यच वाटते. परिणाम मात्र नमूद केला पाहिजे : बाग गेली, घर राहिले. घराच्या दुरुस्तीचा खर्च जे नारळ व सुपारी देत, तेच नाहीसे झाल्यावर घर हे केवळ खर्चाचे निमित्त झाले.

पुढील अवस्था सर्वांस ठाऊक आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. दहा वर्षांत १९,१७४ माणसे उणी. रत्नागिरीत ही घट ८१,७०८ इतकी भरली. राज्य वाढत असता हे दोन जिल्हे आटत होते. याचे सारे खापर मुंबईवर फोडण्याची प्रथा आहे, ती अपुरी होय. पूर्वी माणसे जात असत, पण मागे मुलेही तितकीच जन्मत, म्हणून गाव भरलेला दिसे. आता सुशिक्षित कुटुंबांत एक किंवा दोन अपत्ये. ती पुणे, बंगळूर वा परदेशी. आणि मागे राहणारे आईबाप. जाणाऱ्यांची संख्या वाढली त्यापेक्षा येणाऱ्या बाळांची संख्या घटली, हे अधिक महत्त्वाचे. इ. स. २०२१ ची शिरगणती वेळेवर झाली नाही, तेव्हा पुढील आकडे हाती येईपर्यंत डोळ्यांनी दिसते त्यावरच विसंबावे लागेल.

मग घरांना किंमत नाही काय? आहे, आणि येथेच विषय गहन होतो. इ. स. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली. ती वेंगुर्ल्यास शिवत नाही, परंतु कुडाळ व सावंतवाडीची स्थानके जवळ आहेत. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा विमानतळ याच तालुक्यात उघडला, आणि पुढच्या वर्षी सीमेपलीकडे मोपा. समुद्र दिसणाऱ्या जमिनीस दूरदूरचे गिऱ्हाईक येऊ लागले. त्यातच फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आणले व ग्रामीण भागात पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम वर्ज्य केले. नवे बांधता येत नाही म्हणताच जुन्या उभ्या घरास, त्याच्या घरपत्रकाच्या उताऱ्यास, एकाएकी मोल चढले. किनाऱ्यावरील एखादी साधी मच्छीमाराची खोपी बाजारपेठेमागील आपल्या चौसोपी घराहून अधिक मागणीची ठरू लागली, हे पाहून आपल्यातील काहींना वाईट वाटते. वस्तुतः गिऱ्हाईकास चिरे व कोरीव खांब नको असतात. त्यास खिडकीतून लाटा हव्यात आणि कागद स्वच्छ हवा.

कागद! आपल्या घरांची खरी वाळवी तीच. आजोबांच्या निधनानंतर वारसांची नोंदच केलेली नाही, अशी घरे आपल्या आळीत आहेत. ज्यांनी नोंद केली त्यांनी पुष्कळदा केवळ मुलग्यांची केली. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. महाराष्ट्राने मुलींना सहदायिकीचा हक्क १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये सुधारणा केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. तरीही बहिणींना सहीपुरते बोलावून हक्कसोडपत्र करून घेण्याची चाल सुरूच आहे. ज्या स्त्रियांच्या वावराने घर टिकले, त्यांच्याच लेकींना घरावर नाव लावताना परक्या ठरविणे हे आपल्या ज्ञातीस शोभत नाही. आणि व्यवहारातही ते आता चालत नाही, कारण एका सहीवाचून खरेदीखत अडते.

हे मी परोपदेश म्हणून लिहीत नाही. आमच्या स्वतःच्या घराच्या मालमत्ता पत्रकावर माझ्या पणजोबांचे व त्यांच्या दोन भावांचेच नाव होते. वंशवृक्ष काढावयास बसलो तेव्हा हयात वारस एकतीस निघाले. पैकी चार परदेशी. दोघांशी वीस वर्षांत पत्रव्यवहार नाही. एका दलालाने मध्यंतरी एका चुलतभावाचा हिस्सा अविभक्त असतानाच घेण्याचा प्रयत्न केला, आणि त्यावरून घरात जे बोलणे झाले ते येथे लिहिण्यासारखे नाही. शेवटी आमच्या थोरल्या आत्याने, वय वर्षे सत्त्याऐंशी, सर्वांस दूरध्वनी करून बोलाविले. तिचा स्वतःचा हक्क पूर्वीच एका कागदावर सोडवून घेतलेला होता. “माका काय नको, पण नावा सगळ्यांची लागूक होयी, चेडवांची पयली,” असे तिने सांगितले.

त्या बैठकीत काही भाऊ विक्रीच्या बाजूचे होते, काही घर पाहुण्यांसाठी भाड्याने द्यावे या मताचे, तर दोघे-तिघे म्हणाले की, देव तेथे आहेत तोवर हात लावू नये. मला स्वतःला विक्रीत पाप वाटत नाही. पडलेल्या घरात देवही भिजतात. २०२१ च्या मे महिन्यातील वादळात आमच्या मागील पडवीची कौले उडाली. ती बसविण्यास सुतार मिळेपर्यंत पाऊस सुरू झाला होता, आणि जुन्या मापाचे कौल शोधण्यास तीन गावे फिरावी लागली. मालक एकतीस, पण त्या रात्री घरात एकही नव्हता.

निर्णय झाला तो इतकाच : आधी सर्वांची नोंद, मग मोजणी, मग विचार. नगर भूमापन कचेरीत अर्ज दाखल केला आहे. मृत्यूचे दाखले एकोणीस जोडावयाचे होते, त्यांतील तीन अद्याप मिळालेले नाहीत. ज्या कुटुंबांची घरे आमच्या आळीत आहेत त्यांनी आपापले वंशवृक्ष व जुने उतारे या वर्षी कार्यालयाकडे धाडल्यास एकमेकांच्या दाखल्यांचा शोध सोपा होईल, कारण आपली कुटुंबे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एकाच्या ट्रंकेत दुसऱ्याचा कागद हमखास सापडतो. आमच्या हरवलेल्या तीन दाखल्यांपैकी एक, माझ्या आजीच्या धाकट्या दिराचा, शिरोड्याच्या एखाद्या घरी असावा असा आत्याचा कयास आहे.