बर्फाच्या फोटोतला माणूस

बल्लारपुरात बर्फ म्हणजे मे महिन्यात गोळेवाल्याच्या गाडीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी. आभाळातला बर्फ पाहायचा तर फेब्रुवारी-मार्चची गारपीट. ती उभ्या पिकाच्या जिवावर येते, मग तिची वाट कोण पाहणार! तरी गारा थांबल्या की लोक त्या तळहातावर घेऊन मोबाइलवर फोटो काढतातच. फोटोत मापाला आलेल्या या तळहाताचे पूर्वज समुद्रकाठच्या बर्फाच्या फोटोंत सापडतात.

मुंबईत बर्फ फोटोच्या आधी पोचला. बोस्टनकडच्या तळ्यांत हिवाळ्यात कापलेला बर्फ 1834 मध्ये जहाजाने तिथे उतरला. डागेरची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली 1839 मध्ये. पुढे 1869 मध्ये विल्यम ब्रॅडफर्ड हा चित्रकार छायाचित्रकारांना घेऊन बर्फ टिपायला ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर गेला.

पण नजरेत राहतो तो 5 जानेवारी 1911 चा फोटो. स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेतल्या हर्बर्ट पाँटिंगने हिमनगाच्या पोटातल्या गुहेत कॅमेरा लावला आणि काचेच्या प्लेटवर बाहेरचं दृश्य टिपलं. गुहेच्या तोंडाशी मोहिमेतलेच टेलर आणि राइट उभे, दूरवर टेरा नोव्हा जहाज. त्या दोघांवर बोट ठेवून फोटो पाहा. गुहा लगेच फ्रीजरमध्ये साचलेल्या बर्फाएवढी होते! बर्फावर झाड नाही, दार नाही; आकार कळायला काहीतरी ओळखीचं शेजारी लागतं.

दुसऱ्या एका मोहिमेतल्या छायाचित्रकार फ्रँक हर्लेने 1915 मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलेलं एन्ड्युरन्स जहाजच मापाला घेतलं. जहाज सोडावं लागल्यावर त्याने सुमारे 120 प्लेट निवडल्या आणि उरलेल्या जवळपास 400 फोडून टाकल्या. परत मोह नको! छायाचित्रकाराला याहून कठीण काम नसावं.

पुढे आपणही या बर्फावर पोचलो. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम 6 डिसेंबर 1981 ला गोव्याहून निघाली. तिसरीत, 1983-84 मध्ये, नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. त्याच मोहिमेत किनाऱ्याच्या हिमपट्ट्यावर दक्षिण गंगोत्री हे केंद्र उभं राहिलं. काही वर्षांत बर्फाने ते गिळलं. फोटोत मापाला धरावी अशी वस्तूच गडप झाली.

तेव्हा यंदा गारा पडल्या तर तळहात असू द्या, पण तळहात लहानमोठे असतात, म्हणून शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. फोटो सावलीत आणि लगेच काढा, गार आपल्याकडे थांबत नाही. गाव, तारीख आणि वेळ तेवढी लिहून ठेवा.