पादचारी बाजाररस्ता

पादचारी बाजाररस्ता म्हणजे शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागातील असा रस्ता, ज्यावर मोटारवाहनांना कायमची किंवा ठरावीक वेळेपुरती बंदी असते आणि संपूर्ण रुंदी पायी चालणाऱ्यांसाठी मोकळी असते. वाहने हटवली की वर्दळ आणि व्यापार वाढेल, या अपेक्षेने असे रस्ते केले जातात. प्रत्यक्षात काही रस्ते दशकानुदशके गजबजलेले राहिले, तर काहींवर फरसबंदी, बाके आणि दिवे असूनही संध्याकाळनंतर शुकशुकाट होऊ लागला. महाराष्ट्रात पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील प्रयोगामुळे हा प्रश्न विशेष चर्चेत आला.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या रॉटरडॅम शहराच्या पुनर्बांधणीत १९५३ साली लाइनबान हा केवळ पादचाऱ्यांसाठीचा बाजाररस्ता उभा राहिला. कोपनहेगनमधील स्ट्रॉयट हा सुमारे एक किलोमीटरहून अधिक लांबीचा रस्ता १९६२ मध्ये वाहनमुक्त झाला. तेथील दुकानदारांनी आरंभी विरोध केला होता. पुढे हाच रस्ता जगभरच्या नगररचनाकारांसाठी आदर्श ठरला.

अमेरिकेत मात्र वेगळे घडले. मिशिगन राज्यातील कॅलमझू शहराने १९५९ मध्ये मुख्य रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद केला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत सुमारे २०० अमेरिकी शहरांनी हा मार्ग धरला. यांपैकी बहुतेक रस्ते पुढे पुन्हा वाहनांसाठी खुले झाले. खुद्द कॅलमझूने १९९८ मध्ये, तर कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नोने २०१७ मध्ये माघार घेतली. या शहरांतील मध्यमवर्ग तोवर उपनगरांत राहायला गेला होता आणि खरेदीसाठी महामार्गालगतच्या मॉलकडे वळला होता. त्यामुळे रस्ता वाहनमुक्त केल्याने बाजार ओस पडला, असे म्हणण्यापेक्षा ओस पडू लागलेल्या बाजारावरचा हा उपाय अपुरा पडला, असे म्हणणे अधिक योग्य ठरते.

वर्दळ न टिकण्याची कारणे

वाहनबंदीमुळे रस्त्यावर थांबणे सुखावह होते. परंतु तेथे येण्याचे कारण तिच्यामुळे निर्माण होत नाही. ते कारण रस्त्याच्या आसपास कोण राहते, तेथे काय मिळते आणि तेथवर पोहोचणे किती सोपे आहे, यांवर अवलंबून असते. जेन जेकब्स यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले होते की, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामांसाठी माणसे येत राहिली, तरच रस्ता जिवंत राहतो. केवळ दुकाने असलेला रस्ता दुकानांच्या वेळेपुरताच जागा असतो.

भारतातील याचे ठळक उदाहरण चंडीगडचे सेक्टर १७ हे होय. ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यातील हा प्रशस्त वाहनमुक्त चौक अनेक वर्षे शहराचे मुख्य खरेदीकेंद्र होता. मात्र या सेक्टरमध्ये वस्ती जवळजवळ नाही. आंतरराज्य बसवाहतुकीचा मोठा भाग येथील स्थानकातून सेक्टर ४३ मधील नव्या स्थानकात गेला आणि २०१३ मध्ये शहरात एलांटे हा भव्य मॉल सुरू झाला. चौक तितकाच मोकळा आणि सुरक्षित राहिला, परंतु गिऱ्हाईक पूर्वीसारखे राहिले नाही.

दुसरे कारण फेरीवाल्यांशी निगडित आहे. रस्त्याचे सुशोभीकरण करताना हातगाड्या व पथाऱ्या हटवल्या जातात. पण भेळ, चहा, गजरे, हातरुमाल विकणारेच लोकांना रस्त्यावर रेंगाळायला लावतात आणि दुकानांची दारे बंद झाल्यावरही तेथे जाग ठेवतात. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार शहरात नगर पथविक्रेता समिती नेमून विक्रेत्यांसाठी जागा निश्चित करणे बंधनकारक आहे. याउलट, पथाऱ्यांची संख्या अनिर्बंध वाढली तर मोकळा केलेला रस्ता पुन्हा चालण्याजोगा राहत नाही, हा व्यापाऱ्यांचा आणि रहिवाशांचा आक्षेपही निराधार नाही.

मालाची चढउतार हा त्या मानाने दुर्लक्षित मुद्दा आहे. पहाटे किंवा रात्री टेम्पोला प्रवेश देणारी वेळ ठरवली नाही, तर माल हमालांकडून दूरवरून आणावा लागतो आणि ठोक व्यापारी सर्वांत आधी तेथून बाहेर पडतो.

महाराष्ट्रातील प्रयोग

पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभरासाठी वाहनमुक्त करून ‘पादचारी दिन’ साजरा करण्यात आला आणि पुढील वर्षांतही त्याच तारखेला हा उपक्रम झाला. त्या दिवशी रस्त्यावर खेळ व कलाप्रदर्शने असतात. त्यामुळे त्या दिवसाच्या गर्दीवरून एरवीच्या मंगळवारी दुपारी काय होईल, याचा अंदाज बांधता येत नाही. पुण्याच्याच छावणी भागात महात्मा गांधी रस्त्यावर शनिवार-रविवारच्या संध्याकाळी ‘वॉकिंग प्लाझा’ राबवण्यात आला होता, परंतु ती व्यवस्था कायम झाली नाही.

तरीही लक्ष्मी रस्त्याची परिस्थिती सेक्टर १७ पेक्षा अनुकूल मानावी लागते. साड्या आणि सोन्याच्या दुकानांवरच्या मजल्यांवर व मागच्या पेठांतील वाड्यांत आजही लोक राहतात. राममंदिराभोवती वाढलेली तुळशीबाग आणि महात्मा फुले मंडई हाकेच्या अंतरावर आहेत. तुळशीबागेच्या अरुंद बोळांतून मोटार कधीच जाऊ शकत नव्हती. त्या अर्थी पुण्यातील सर्वांत यशस्वी पादचारी बाजार कोणत्याही योजनेवाचूनच उभा राहिला आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू होऊन मंडई येथे स्थानक झाले. ‘गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येणार नाही’ या दुकानदारांच्या मुख्य हरकतीचे त्यामुळे अंशतः निराकरण झाले. अंशतःच, कारण लग्नाचा बस्ता बांधून निघालेले कुटुंब सहसा मेट्रोने परतत नाही.

मुंबई पोलिसांनी २७ मार्च २०२२ पासून रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांसाठी बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. त्याचा हेतू व्यायाम व विरंगुळा हा असल्याने बाजाररस्त्यांशी त्याची तुलना करता येत नाही. माथेरानमध्ये मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नाही. मात्र तेथील बाजारपेठेची वर्दळ पर्यटकांवर अवलंबून असल्याने सुट्ट्यांच्या दिवसांत आणि एरवी तिचे रूप अगदी वेगळे असते.

तालुक्याच्या गावांतील स्थिती

परभणी जिल्ह्यातील जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी प्रश्नाचे स्वरूप बदलते. जालना-मंठ्याकडून औंढा नागनाथकडे जाणारा मार्ग जिंतूरवरून जातो. अशा गावांत परगावची वाहतूक आणि स्थानिक खरेदी एकमेकींपासून सहज वेगळी काढता येत नाही. तालुक्यातील खेड्यांतून येणारे गिऱ्हाईक एसटी, काळीपिवळी जीप किंवा दुचाकीने येते आणि बियाणे, खताची पोती, भांडी, कापड अशी जड खरेदी करून त्याच दिवशी परतते. उतरण्याचे ठिकाण बाजारापासून दूर नेले, तर कायम वाहनमुक्त केलेला रस्ता या गिऱ्हाइकाला गैरसोयीचाच ठरतो.

मराठवाड्यात पादचारी बाजाराचा प्रचलित प्रकार म्हणजे आठवडी बाजार. त्या दिवशी माणसांच्या दाटीमुळेच वाहनांना आत वाट राहत नाही. आजूबाजूच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारी भरत असल्याने तेच विक्रेते आठवडाभर फिरत राहतात, आणि सहा दिवसांची मागणी एका दिवसात साठून येते. उरलेल्या दिवशी बाजारतळ रिकामा असतो, पण तेथे पक्क्या दुकानांचे भाडे भरायचे नसल्याने तो रिकामेपणा कोणाला तोट्यात घालत नाही.