कमरेची गाठ आणि जांघेतली गाठ

मंडळी, माझ्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागतं म्हणून गोळ्या मागू नका. मी तत्त्वज्ञानाचा डॉक्टर. कन्हेरीत मारुतीपुढं भाषणं पुष्कळ होतात, निवडणुकीच्या प्रचाराचे नारळ इथंच फुटतात. आजचा विषय मात्र अवघड जागेचा आहे, कमरेचा आणि जांघेचा. काहींना संकोच वाटेल. पण या इतिहासात त्या संकोचाचाही वाटा आहे, म्हणून तो बाजूला ठेवून बोलतो.

मुंबईत परळला 1941 साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर, मूळचे गोव्याचे. त्यांनी आणि सूर्याबाई यांनी 1945 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांवर लेख लिहिला. त्यात एक होता ‘धोतर कर्करोग’. धोतर किंवा लुगडं वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी आवळून नेसायचं. वरून घाम, धूळ, वाकून केलेलं शेतातलं काम. आधी कातडी काळवंडते किंवा पांढुरकी पडते, जाड होते, कोंडा सुटतो, खाज येते. मग चीर पडते, भरते, पुन्हा उघडते. असं वीस-तीस वर्षं चालतं आणि अगदी थोड्यांच्या बाबतीत त्या जखमेची कड वर उचलून कडक होते. तिथं कर्करोग सुरू झालेला असतो. घाबरू नका, हा प्रकार विरळा आहे. काश्मिरात थंडीत निखाऱ्याची कांगडी पोटाशी धरतात, तिथल्या अशाच कर्करोगाची नोंद एल्म्स्ली नावाच्या मिशनरी डॉक्टरनं 1866 मध्येच केली होती. म्हणजे सवय कातडीवर काय लिहून ठेवते, हे आपल्या देशात बरंच आधी दिसलं होतं.

कातडीचे नेहमीचे कर्करोग दोन. बेसल सेल नावाचा जिथल्या तिथं पोखरतो, दूर जवळजवळ जात नाही. दुसरा स्क्वॅमस सेल. आपला धोतराचा हाच. तो एरवी शंभरात दोन ते पाच जणांतच दुसरीकडं पसरतो. पण जुन्या व्रणात किंवा भाजल्याच्या वणात उगवला, तर पसरण्याचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं.

पसरतो म्हणजे काय होतं? इथं मला माझा विषय आठवतो.

पायाला काटा रुतून पिकला की जांघेत गाठ येते. तिला आपण ‘अवधान आलं’ म्हणतो. कीर्तनकार श्रोत्यांकडं मागतात तेही अवधानच. भाषेनं हे दोन शब्द एकसारखे का केले असतील कोण जाणे, पण मला ते आवडतं. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या अंडकोशाच्या कातडीवरचा कर्करोग वर्णिला, काजळी हे त्याचं कारण सांगितलं आणि पुढं जांघेतल्या ग्रंथी कठीण होतात हेही लिहिलं. प्रश्न असा, की कातडीतून जांघेपर्यंत जातं ते नेमकं काय? एखादा दूषित रस जातो आणि तिथल्या पेशींना बिघडवतो, असं मोठमोठे लोक मानत. पेशीविज्ञानाचे भीष्माचार्य फिर्शो यांचाही कल तिकडंच होता. जर्मनीतल्याच कार्ल थियर्श यांनी 1865 मध्ये कातडीच्या कर्करोगावर ग्रंथ लिहून दाखवलं, की हा रोग कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचाच आहे. मग पुढचं पाऊल सोपं झालं: दूर जातात त्याही त्याच पेशी.

वैशेषिकांना हे ऐकून नवल वाटलं नसतं. गुण द्रव्याला सोडून एकटा प्रवास करत नाही, हालचाल द्रव्याचीच, असं ते सांगतात. बिघाड हा गुण. तो नुसता कमरेतून निघून जांघेत जाणार कसा? जाते ती बिघडलेली पेशीच. पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. जांघेतली ग्रंथी कापून पाहिली तर आत केराटिनचे गोल गोल मोती सापडतात. केराटिन म्हणजे नखाचं, कातडीचं द्रव्य. ग्रंथीत त्याचं काय काम? कातडी तिथं मुक्कामाला आलेली असते.

वाट ठरलेली आहे. साधारण बेंबीच्या खालच्या कातडीचं लसिकापाणी जांघेकडं उतरतं, वरचं काखेकडं जातं. कंबर बरोबर बांधावर! म्हणून दोन्हीकडं हात लावून बघावं लागतं. पिकलेल्या जखमेचं अवधान दुखतं आणि जखम भरली की ओसरतं. कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही, कडक असते, आणि राहते. न दुखणाऱ्या गोष्टीची तक्रार कोण करतो!

ग्रंथी ओलांडली की फुप्फुस, यकृत, हाडं. तिथं कुठं रुजायचं याचंही गणित आहे. स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगानं दगावलेल्या 735 बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. यकृतात रोग 241 जणींच्या, प्लीहेत फक्त 17. रक्त दोन्हीकडं जातं, मग फरक का? बी सगळीकडं पडतं, उगवतं मानवेल त्या जमिनीत, हे त्यांचं उत्तर. नीरा कालव्याच्या पाण्यानं क्षारपड झालेली रानं बघितलेल्यांना हे मी काय समजावणार?

आता आपल्या राज्यात या. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारातल्या मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची हकिगत प्रसिद्ध केली. दोघींच्या कमरेवर न भरणारी जखम, एकीची दीड वर्षं, दुसरीची दोन. दुसरी परकर न घालता लुगडंच घट्ट आवळून नेसायची, आणि तिच्या जांघेतल्या एका ग्रंथीत रोग पोचला होता. खानोलकरांच्या लेखाला तेव्हा 79 वर्षं झाली होती. कुणी याला साडीचा कर्करोग म्हणतं, ते मला पटत नाही. साडीचा काय दोष? दोष एकाच जागी काचणाऱ्या नाडीचा, आणि दोन वर्षं ती जागा कुणाला दाखवता न येण्याचा. नाडी रुंद करता येते, सैल करता येते, बांधायची जागा बदलता येते. जखम महिनाभरात भरली नाही तर तिच्या कडेचा तुकडा काढून तपासतात, जांघ चाचपतात. रोग कातडीपुरताच असेल तर कापून काढला की बहुतेकदा भागतं.

प्रश्न विचारा आता. बायकांना इथं उठून विचारायचं नसेल, तर आशाताई आणि आरोग्य केंद्राच्या सिस्टर मागच्या बाजूला बसल्या आहेत, त्यांच्याकडं जा.