आरशाची धातूची चौकट

आरशाची धातूची चौकट म्हणजे आरशाच्या कडांना आधार व संरक्षण देणारी लोखंड, पितळ किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची जोडणी होय. तिचा टिकाऊपणा मुख्यतः सांध्यांवर अवलंबून असतो.

आकार व सांधे

सर्व कोन समान असलेल्या चौकटीत पट्टीची टोके तिरकी कापतात. सरळ कापापासून मोजलेला हा कोन १८० अंशांना बाजूंच्या संख्येने भागून मिळतो: चौरस व आयतासाठी ४५, षटकोनासाठी ३० आणि अष्टकोनासाठी २२.५ अंश. गोल चौकट एकच पट्टी वाकवून करतात, त्यामुळे तिला एकच सांधा असतो. ६० सेंमी सरासरी व्यासासाठी सुमारे १८८.५ सेंमी पट्टी लागते.

जोडणी

लोखंडी पट्ट्या वेल्डिंगने, तर पितळी पट्ट्या झाळून जोडतात. ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांत आतून कोनपट्टी घालून स्क्रू आवळतात. वेल्डिंग करताना प्रथम कोपऱ्यांवर ठिपक्यांपुरते जोड देतात. आयताचे दोन्ही कर्ण समान भरल्यावरच सांधा पूर्ण करतात. काच शेवटी बसवतात.

किनारपट्टीवरील गंज

रत्नागिरीतील मांडवीसारख्या समुद्रालगतच्या भागात हवा खारी व दमट असते. सांध्याच्या फटीत क्षार आणि ओलावा साचून गंज लवकर धरतो. ॲल्युमिनियमला पितळी स्क्रू लावल्यास दोन धातूंमधील विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते. त्यामुळे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू प्लास्टिकच्या चकत्यांसह वापरणे हितावह ठरते. लोखंडी सांध्यातील फट बुजवून त्यावर गंजरोधक रंग देतात. ओलावा काचेमागील चांदीच्या थरापर्यंत पोहोचल्यास आरशाच्या कडा काळ्या पडतात.