भोर घाट बारा मीटरांत: लघुरेल्वेच्या लेआउटचे शास्त्र

खऱ्या रेल्वेमार्गाची छोटी प्रतिकृती करायची म्हणजे प्रत्येक माप एकाच संख्येने भागायचे, अशी सर्वसाधारण समजूत असते. लांबी, रुंदी आणि उंची यांच्यापुरती ती बरोबर आहे. पण घर्षण, पकड, विजेचा दाब आणि घड्याळ यांना हा भागाकार मान्य नाही. घरातली खोली तर मुळीच भागाकार मानत नाही. त्यामुळे लेआउटच्या शास्त्रात मुख्य प्रश्न एकच राहतो: प्रमाण कुठे कसोशीने पाळायचे आणि कुठे जाणूनबुजून मोडायचे? या विवेचनासाठी कर्जत ते लोणावळा हा भोर घाटातला मार्ग आणि चार मीटर बाय तीन मीटरची एक खोली उदाहरण म्हणून घेतली आहे.

१. खेळणे आणि लेआउट

जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत किल्लीवर चालणारी गाडी मांडली. तिचे रूळ ठरावीक मापाचे होते आणि ते पुढे वाढवत नेता येत. गाडी एकदा विकत घेऊन काम संपले असे न होता तिचा मार्ग वाढत राहतो, ही कल्पना इथून रुजली. तरीही खेळण्यात गाडी प्रधान असते आणि रूळ तिच्या सोयीसाठी असतात. लेआउटमध्ये मार्ग प्रधान असतो. गाडी कुठून आली, इथे का थांबली आणि पुढे कुठे जाणार, याचे उत्तर मार्गाकडे असले पाहिजे.

अमेरिकेतले फ्रँक एलिसन हे नाटकाच्या व्यवसायातून या छंदात आलेले. १९४० च्या दशकात त्यांनी लेआउटकडे रंगमंच म्हणून पाहायला शिकवले. स्टेशन हा प्रवेश, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक. यातला व्यवहारी भाग असा की रंगमंचाला विंग लागते. आपल्या लेआउटवर मुंबई आणि पुणे दिसणार नाहीत, पण गाड्या तिथून येतील आणि तिथे जातील. म्हणून नजरेआडच्या यार्डाची जागा पहिल्या आराखड्यातच राखावी लागते. ती मागाहून सापडत नाही.

२. प्रमाण आणि गेज

प्रमाण म्हणजे खऱ्या वस्तूशी असलेले गुणोत्तर आणि गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. दोन्ही स्वतंत्र आहेत. सर्वाधिक प्रचलित एचओ प्रमाण १:८७ आहे आणि त्याचा रूळ १६.५ मिलिमीटर. एन प्रमाण १:१६० आणि रूळ ९ मिलिमीटर. ब्रिटिश ओओ प्रमाण १:७६ असूनही रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचाच.

एचओचा १६.५ मिलिमीटर हा आकडा युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून आला आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागले तर १९.३ मिलिमीटर येतात. म्हणजे तयार रुळांवर भारतीय गाडी चालवली की मार्ग सुमारे सातव्या हिश्शाने अरुंद दिसतो. पर्याय दोन. रूळ, सांधे आणि चाकांचे आस सगळे हाताने बनवायचे, किंवा ही तफावत पत्करायची. पहिल्या पर्यायात वर्षे जातात आणि बाजारातला कोणताही सुटा भाग कामाला येत नाही. बाजूने पाहणाऱ्याला तफावत जाणवत नाही, ती फक्त समोरून दिसते. म्हणून प्रमाण मोडायची ही पहिली आणि सर्वांत स्वस्त जागा. माथेरानच्या ६१० मिलिमीटर मार्गालाही हेच लागू आहे. १:८७ मध्ये तो ७ मिलिमीटर भरतो आणि हौशी मंडळी त्यासाठी एनचा ९ मिलिमीटरचा रूळ वापरतात.

३. जागेचा हिशेब

कर्जत ते लोणावळा अंतर २८ किलोमीटर. १:८७ मध्ये ते ३२२ मीटर होते. घाटाची सुमारे साडेपाचशे मीटरची चढाई सहा मीटरांहून जास्त भरते, म्हणजे दुमजली घराएवढी. आपल्या खोलीच्या भिंतींचा घेर १४ मीटर. दार आणि कोपरे वजा करता १२ मीटर मार्ग मिळतो. सगळेच थोडे थोडे आखडले तर प्रत्येक गोष्ट खोटी दिसते. त्यापेक्षा थोडे ठेवावे, ते पुरेसे मोठे ठेवावे आणि बाकीचे गाळावे. छंदाच्या परिभाषेत याला निवडक संक्षेप म्हणता येईल.

काय ठेवायचे, हे मार्गाच्या कामावरून ठरते. भोर घाटाचे काम १ : ३७ या चढावर गाडी नेणे आणि तिथून ती सुखरूप उतरवणे. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिने लागतात आणि माथ्यावर ती सुटतात. उतरणाऱ्या गाड्या ब्रेक तपासण्यासाठी घाटात थांबतात, आणि ताबा सुटलेली गाडी अडवण्यासाठी कॅच सायडिंग असते. म्हणून कर्जत, घाटातली ठाकूरवाडी आणि लोणावळा ही तीन ठिकाणे ठेवावीत. बाकीची स्टेशने आणि मधला तिसरा मार्ग गाळावा.

आता गाडीची लांबी. जुन्या आयसीएफ डब्याची बफरसह लांबी २२.३ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत २५६ मिलिमीटर. सहा डबे, पुढचे इंजिन आणि मागचा बँकर मिळून दोन मीटर होतात. दोन्ही टोकांचे सांधे धरता कर्जत आणि लोणावळ्याला प्रत्येकी तीन मीटर लागतात आणि ठाकूरवाडीला दोन. घाटाच्या मोकळ्या मार्गाला उरतात चार मीटर. चोवीस डब्यांच्या गाडीचा हट्ट धरला तर डब्यांनाच सहा मीटर लागतील, आणि इंजिन लोणावळ्यात शिरले तरी शेवटचा डबा कर्जतमध्येच असेल.

४. वळण आणि चढ

भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे. प्रतिकृतीत त्याची त्रिज्या दोन मीटर होते. तीन मीटर रुंदीच्या खोलीत असे अर्धवर्तुळसुद्धा मावत नाही. आपण ६०० मिलिमीटर त्रिज्या घेतो. खऱ्या मार्गावर ते ५२ मीटरचे वळण झाले असते आणि त्यावर गाडी गेलीच नसती. प्रतिकृती जाते, कारण तिच्या बोगी जास्त वळतात आणि डब्यांमधले अंतर वाढवलेले असते.

या सवलतीची किंमत भूमितीत मोजावी लागते. डब्याच्या दोन बोगींच्या मध्यांतले अंतर १७० मिलिमीटर धरले तर ६०० च्या वळणावर डब्याचा मध्य ६ मिलिमीटर आत झुकतो आणि टोके साडेसात मिलिमीटर बाहेर जातात. शेजारून दुसरी गाडी गेली तर आतल्या डब्याची टोके आणि बाहेरच्या डब्याचा मध्य एकमेकांकडे सरकतात. म्हणून वळणावर दोन मार्गांतले अंतर सरळ मार्गापेक्षा १४ मिलिमीटर तरी जास्त हवे. बोगद्याचे तोंड आणि कातळाचा कडा यांनाही हाच नियम लागतो.

चढाचे गणित साधे असले तरी फसवे आहे. कर्जत आणि लोणावळा सपाट ठेवावी लागतात, नाहीतर सोडलेले डबे आपसूक घरंगळतात. चढाला उरतात सहा मीटर. १ : ३७ ने त्यात फक्त १६ सेंटिमीटर उंची मिळते. तेवढी पुरे. लोणावळ्याच्या फळीखाली ही पोकळी तयार होते आणि दारावर उचलता येणारी फळी टाकली की ‘मुंबई’चे यार्ड तिच्यात लपते. हात जेमतेम आत जातो, म्हणून यार्डाची पुढची बाजू उघडी ठेवावी.

५. वजन आणि ओढ

लांबी ८७ पट कमी झाली की वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाख पटींनी कमी होते. सुमारे ४० टनांचा डबा या हिशेबाने ६१ ग्रॅमचा होईल. इतका हलका डबा सांध्यावर उडतो आणि मागून ढकलला की वळणात आडवा पडतो. मानके ठरवण्यासाठी १९३५ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार याच लांबीच्या एचओ डब्याचे वजन सुमारे १७० ग्रॅम हवे. म्हणजे नीट चालणारा डबा प्रमाणाच्या जवळजवळ तिप्पट जड असतो.

असे सहा डबे एक किलोचे होतात. घर्षण वजनाच्या २ टक्के धरले तर सपाटीवर त्यांना २० ग्रॅम ओढ पुरते. १ : ३७ च्या चढावर आणखी २७ ग्रॅम लागते, शिवाय इंजिनाचे स्वतःचे वजन आणि वळणाचा अडथळा. ओढ अडीच-तीन पट होते आणि सपाटीवर डौलात चालणारे इंजिन घाटात चाके फिरवत जागीच राहते. बँकर इथे शोभेचा राहत नाही, तो खऱ्या घाटाप्रमाणेच गरजेचा ठरतो.

६. वीज

जुन्या पद्धतीत रुळांना १२ व्होल्टपर्यंत कमी-जास्त एकदिश प्रवाह देतात आणि त्या तुकड्यावरची सगळी इंजिने एकदम धावतात. पुढचे इंजिन आणि बँकर वेगळे चालवायचे तर मार्गाचे विद्युत तुकडे पाडावे लागतात. डिजिटल पद्धतीत, म्हणजे डीसीसीमध्ये, रुळांवर दाब कायम असतो आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या क्रमांकाचा संदेश उचलतो. जर्मनीतल्या बेर्न्ड लेन्झ यांच्या कामावर आधारलेले त्याचे मानक १९९० च्या दशकात रूढ झाले. दोन इंजिने एकाच गाडीला लावायची असल्याने घाटाच्या लेआउटला डीसीसीच योग्य. मात्र दोघांचा वेग आधी जुळवून घ्यावा. बँकर जरा जास्त वेगाने ढकलू लागला की मधला डबा रुळावरून उतरतो.

दाब टिकवणे हा दुसरा प्रश्न. निकेल सिल्व्हरचे रूळ तांब्याइतके चांगले वाहक नाहीत आणि त्यांच्या जोडण्या कालांतराने ढिल्या होतात. म्हणून फळीखालून २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन जाड तारा सर्वत्र न्याव्यात आणि मीटर-दीड मीटरवर त्यांच्यापासून रुळांना बारीक तारा जोडाव्यात. चाचणी सोपी आहे: मार्गावर ठिकठिकाणी दोन रुळांवर नाणे टेकवावे. प्रत्येक ठिकाणी पुरवठा तत्काळ बंद पडला पाहिजे. जिथे पडत नाही तिथे तार कमी आहे.

७. देखावा

देखावा म्हणजे निरीक्षण. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा आहे आणि तो लाव्हाच्या आडव्या थरांनी बनला आहे. थर्माकोलचे थर आडवे रचून त्यावर प्लॅस्टर चढवले तर पायऱ्यांसारखे कडे आपोआप येतात. परदेशी पुस्तकात पाहून टोकदार शिखरे केली तर आल्प्स तयार होतो. महिनाही ठरवावा. ऑगस्टचा हिरवा घाट आणि एप्रिलचा पिवळा घाट एका फळीवर नांदत नाहीत. खडी चाळून पसरावी आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून ती चिकटवावी. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन गोंद खोलवर मुरतो. दमट हवेत प्लायवुड फुगते, म्हणून ते सर्व बाजूंनी रंगवून घ्यावे.

८. वेळ

ताशी ४० किलोमीटर वेग प्रमाणात उतरवला तर तो सेकंदाला १३ सेंटिमीटर होतो. १२ मीटर मार्ग दीड मिनिटात संपतो. खऱ्या घाटात याच वेगाने पाऊण तास लागेल. सहापट वेगाचे घड्याळ लावले तरी दीड मिनिटाची नऊच मिनिटे होतात. उरलेला वेळ कामाने भरावा लागतो: कर्जतला बँकर मागे लावणे, सिग्नलची वाट पाहणे, उतरणाऱ्या गाडीचा ठाकूरवाडीचा थांबा, लोणावळ्याला बँकर सोडवून तो रिकामा परत आणणे. लेआउट किती काळ मन रमवतो, हे रुळांच्या लांबीपेक्षा थांब्यांना काही कारण आहे की नाही यावर ठरते. फक्त गोल फिरणारी गाडी सुंदर असली तरी लवकर कंटाळा आणते.

९. निष्कर्ष

वरच्या विवेचनातून निर्णयांचा क्रम निघतो: आधी मार्गाचे काम, मग प्रमाण, मग गाडीची लांबी, त्यावरून स्टेशनांची लांबी, आणि उरलेल्या जागेत वळण व चढ. इंजिन याच्यानंतर. बहुतेक नवखे उलट क्रमाने जातात. आवडलेले इंजिन आधी घेतात आणि त्याला न झेपणारा मार्ग नंतर बांधतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. सुरुवात करण्यापूर्वी तिथे जाऊन यावे, आणि धावत्या गाड्यांपेक्षा सांधे, सिग्नल आणि वळणे अधिक वेळ पाहावीत. मग दोन मीटर फळी, तीन सांधे आणि चार डबे एवढ्यावर काम सुरू करावे. तेवढ्यावर शंटिंग बिनचूक जमले तरच घाटाला हात घालावा.